निर्मलाताईंचा सरळ दस्ता

निर्मलाताई सबनीस समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत पाहत नसत, गळ्याकडे पाहत. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. मीही इंग्लंडात रीडिंगला राहायला आले त्या आठवड्यात, कुंपणापलीकडून आमचं पहिलं बोलणं झालं तेव्हा, ओढणी नीट केली होती. त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, ओढणी असू दे. मी भूलतज्ज्ञ आहे. तुझी मान छान आहे. श्वासाची नळी पटकन जाईल."

त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली पावती. पुढे कळलं की ज्याची मान आखूड आणि जबडा आत गेलेला, त्याच्याशी त्या जरा जपून बोलत. असा माणूस टेबलावर आला तर काय करायचं, हे मनात कुठेतरी चालूच असे.

त्या जाऊन एक हिवाळा उलटला. या काळात मी त्यांच्याविषयी अनेकदा लिहायला बसले आणि उठले. मी लायब्ररीत काम करते, दुसऱ्यांची पुस्तकं रांगेत लावते. स्वतः लिहिण्याची सवय नाही. शिवाय त्यांच्याविषयी लिहायचं तर रडका सूर लावून चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना तो आवडत नसे. म्हणून त्यांचा जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे सगळं बाजूला ठेवते आणि त्यांच्या हाताविषयी लिहिते. उजव्या हाताविषयी.

ताई बुटक्या होत्या. केस कानापर्यंत कापलेले, पांढरे. अंगात बारा महिने नवऱ्याचा जुना कार्डिगन. नवरा म्हणजे माधवराव, रिटायर झालेले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, उंच आणि काळजीखोर. ताईंना प्रत्येक वस्तू हातात धरून पाहिल्याशिवाय पटत नसे. एकदा आम्ही दोघी लंडनच्या वेम्बलीला ईलिंग रोडवर सामान आणायला गेलो होतो. त्यांना लाटणं हवं होतं. गुजराती दुकानदाराने एक पुढे केलं. ताईंनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि टोपलीतली सगळी लाटणी एकेक करून त्यावर फिरवून पाहिली. मागे क्यू वाढत चालला.

"बेन, सगळी सेम आहेत," दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला.

"लाटणी सेम असतील. हात सेम नाहीत," ताई म्हणाल्या, आणि एकही न घेता बाहेर पडल्या. मीच ओशाळून त्याच्याकडून दोन किलो कणीक घेतली.

या बाई बंदूक चालवायला लागल्या त्याची हकिगत अशी. हॉस्पिटलमधल्या त्यांच्या शेवटच्या वर्षात डेरेक नावाचा एक निवृत्त ट्रेन ड्रायव्हर हर्नियाच्या ऑपरेशनला आला. भूल देताना पेशंटला बोलतं ठेवायचं म्हणून ताईंनी त्याला विचारलं, रविवारी काय करता? तो म्हणाला, मी रायफल क्लबचा सेक्रेटरी आहे. पिस्तुलांवर बंदी आल्यापासून आमचे पुष्कळ लोक लिव्हरच्या रायफलीकडे वळले आहेत. पण क्लबात उभी फूट पडली आहे, डॉक. अर्ध्यांना सरळ दस्ता हवा, अर्ध्यांना पिस्तुल ग्रिप, आणि खरं सांगू का, यात योग्य एकच आहे, ते म्हणजे... एवढं बोलून तो झोपला.

तो जागा झाला तेव्हा ताई पलंगाशी उभ्या होत्या. "ते म्हणजे कोणतं?" त्यांनी विचारलं.

डेरेक ही गोष्ट पुढे सगळ्यांना सांगत असे. पोटाला टाके, तोंड कोरडं, आणि ही बाई दस्त्याचं विचारते आहे! त्याच क्षणी त्याने ठरवलं की हिला क्लबात आणायचं.

ज्यांनी अशी रायफल पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हिच्या चापाखाली एक लोखंडी कडी असते, ती लिव्हर. चापाचा हात तिच्यात घालूनच बंदूक धरायची. कडी पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, मागे ओढली की नवं आत बसतं. दस्ता म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग. काही रायफलींत तो चापामागे सरळ निघतो, काहींत आधी खाली वाकतो आणि मूठ धरायला जागा देतो. या दुसऱ्या प्रकाराला पिस्तुल ग्रिप म्हणतात. फरक एवढाच. पण क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत, कडक चहा आणि मऊ पडलेली बिस्किटं यांच्या साक्षीने, या फरकावर माणसं लालबुंद होत. सरळवाले म्हणत, हात मोकळा राहतो, लिव्हर झपाट्याने चालते. ग्रिपवाले म्हणत, मूठ पक्की बसते, मनगटाला आराम पडतो, नेम हलत नाही. डेरेक कट्टर ग्रिपवाला.

ताई पहिल्यांदा शिकल्या त्या सरळ दस्त्यावर, कारण नवशिक्यांना द्यायची क्लबाची रायफल तशी होती. पहिल्या महिन्यातच त्यांचा नेम पाहून लोक चहा सोडून बाहेर यायला लागले. मी एकदा त्यांना विचारलं, ताई, हे तुम्हाला इतक्या लवकर कसं जमलं?

"आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास सांभाळले," त्या म्हणाल्या. "आता स्वतःचा अर्धा श्वास सोडायचा आणि उरलेला धरून ठेवायचा. त्यात काय अवघड आहे?"

घरी मात्र अवघड होतं. लायसन्ससाठी पोलिसांचा माणूस चौकशीला आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने लोखंडी कपाट भिंतीत पक्कं आहे ना, हे हलवून पाहिलं, चिवडा खाल्ला आणि मग संकोचत माधवरावांना विचारलं, घरात काही वादविवाद?

"आमटीत गूळ किती, याव्यतिरिक्त नाही," माधवराव गंभीरपणे म्हणाले. तो गेल्यावर दार लावून वळले. "निर्मला, लोक रिटायर झाल्यावर गुलाब लावतात."

"तुम्ही लावा की. मी नेम धरीन."

मग मनगट दुखायला लागलं. संधिवात त्यांना पूर्वीपासून होता, तो आता उजव्या मनगटात शिरला. लिव्हर मागे घेताना त्यांचा चेहरा आवळला जाई. डेरेकने आपली ग्रिपवाली रायफल पुढे केली. ताईंनी ती धरली, चार वेळा उडवली आणि मान्य केलं की हो, आराम पडतो. डेरेकने त्या दिवशी सगळ्या क्लबाला केक दिला. सरळवाल्यांची तोफ आपल्या बाजूला आली होती.

पण केकने मनगट बरं होत नाही. पुढच्या वर्षी त्यांना कपही उचलवेना. सर्जनने सांगितलं, आता एकच उपाय. मनगटाचा सांधा कायमचा जोडून टाकायचा. आत पट्टी, स्क्रू. दुखणं थांबेल. बोटं चालतील, कोपर चालेल, हात उलटासुलटा होईल, पण मनगट पुन्हा कधी वाकणार नाही. ज्या कोनात जोडू, त्या कोनात ते मरेपर्यंत राहील.

दुसरी कोणी असती तर या शेवटच्या वाक्याने खचली असती. ताई ते ऐकून विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे कोन निवडता येतो?"

पुढच्या अपॉइंटमेंटला मी त्यांना गाडीने घेऊन गेले, कारण त्यांना उजव्या हाताने स्टिअरिंग धरवत नव्हतं. त्यांच्याकडे एक लांब पिशवी होती. आत डेरेकने दिलेले दोन जुने दस्ते होते. नुसतं लाकूड, लोखंडाचा तुकडा नाही, एक सरळ आणि एक ग्रिपचा. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, हे काय? ताई म्हणाल्या, "माझे रिपोर्ट्स."

सर्जन मिस्टर पेंबर्टन यांच्याबरोबर ताईंनी थिएटरमध्ये वर्षानुवर्षं काम केलं होतं. ताईंनी दस्ते टेबलावर ठेवले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"निर्मला, आम्ही साधारणपणे मनगट जरासं मागे झुकवून जोडतो. मुठीला ताकद मिळते. पुस्तकात तेच दिलं आहे."

"पुस्तकातला कोन पुस्तकातल्या पेशंटला द्या. माझा हात इथे बसायचा आहे."

माधवरावही आमच्याबरोबर आत आले होते. आता ते मराठीत फुटले. "अगं, जेवणार कशी आहेस? वरणभाताचा घास तोंडाशी येईल अशा कोनात लोक हात जोडून घेतात. तू बंदुकीला मोजमाप देते आहेस! उद्या कंटाळलीस म्हणजे? हा काय ब्लाउज आहे, उसवून पुन्हा शिवायला?"

 एवढं खरं होतं की हा ब्लाउज नव्हता. चुकलं तर बंदूक गेलीच, आणि रोजच्या ताटातला हातही गेला. त्यांनी दोन्ही दस्ते धरून पाहिले. ग्रिपच्या दस्त्यावर हात विसावला, सरळ दस्त्यावर मनगटातून कळ गेली. "ग्रिप," त्या म्हणाल्या. मिस्टर पेंबर्टनना हायसं वाटलं, कारण ग्रिपला लागणारा कोन पुस्तकातल्या कोनाजवळच होता. सगळे खूश. ऑपरेशनची तारीख ठरली. तोपर्यंत सवय व्हावी म्हणून त्याच कोनाचं एक प्लॅस्टिकचं स्प्लिंट मनगटावर घट्ट बांधून दिलं.

ते स्प्लिंट घालून ताई लंडनजवळच्या पिनरच्या गणपतीच्या जेवणाला आल्या. हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. पेपर प्लेटमधली मसालेभाताची शितं त्यांच्या कार्डिगनवर पडत होती, आणि शेजारच्या बायका चमचा घ्या हो, चमचा घ्या असा आग्रह करत होत्या. ताई चमच्याला शिवल्या नाहीत. कोपर उंच करून पाहिलं, खाली करून पाहिलं, ताट डावीकडे सरकवलं. "मी जेवत नाहीये," त्यांनी मला हळूच सांगितलं. "मी ट्रायल घेतेय." समोर बसलेले माधवराव प्रत्येक घासाबरोबर आपलं तोंड उघडत होते.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला क्लबात न्यायला सांगितलं. स्प्लिंट असताना गोळी उडवायची नाही, असं डेरेकने स्पष्ट बजावलं होतं. म्हणून रिकामी रायफल आणि खोटी काडतुसं. ताई ग्रिपवाली रायफल घेऊन उभ्या राहिल्या. मूठ झकास बसली. लिव्हर पुढे ढकलली आणि हात अडकला. मनगट वाकत नाही, मूठ लाकडाच्या वळणात रुतलेली. लिव्हर पुरी उघडायची तर बंदूक खांद्यावरून काढावी लागत होती. पुन्हा केलं. पुन्हा तेच. डेरेकच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ती दुसरी दे," ताई म्हणाल्या.

सरळ दस्त्याची रायफल हातात आली. आधी तीही नीट बसेना. मग त्यांनी उजवं कोपर वर उचललं, पार खांद्याच्या रेषेत. अंगठा लाकडावरून न घेता बाजूला ठेवला. आणि लिव्हर फेकली. पुढे, मागे. पुढे, मागे. हात सरळ लाकडावरून घसरत जात होता आणि आपोआप जागेवर परत येत होता. खोटी काडतुसं टणटण करत जमिनीवर पडली. ताई हसायला लागल्या. इतक्या मोठ्याने हसल्या की चहाच्या खोलीतून माणसं बाहेर आली.

"अरे, आपण सगळे मूर्ख आहोत!" त्या डेरेकला म्हणाल्या. "इतके दिवस आपण दुखऱ्या मनगटासाठी दस्ता निवडत होतो. पण ते मनगट राहणारच नाहीये. येणारं मनगट दुखणार नाही, वाकणारही नाही. मग त्याला आराम कशाला हवा? ते हलणार नसेल तर हाताला हलायला लाकडावर जागा हवी, आणि सरळ लाकडाला सरळ मनगट!"

डेरेकने वाकून जमिनीवरची काडतुसं गोळा केली. तिशी ओलांडल्यापासून तो ग्रिपच्या बाजूने भांडत होता. "डॉक," तो म्हणाला, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस. पण तुझं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मिस्टर पेंबर्टनना फोन गेला. ताईंच्या स्वयंपाकघरात मी आणि माधवराव एका बाजूचं बोलणं ऐकत होतो. "मागे झुकवायचं नाही. हाताच्या रेषेत. सरळ... हो, मुठीची ताकद थोडी कमी होईल, माहीत आहे मला. मला बंदूक धरायची आहे, पिळायची नाही... नाही, नवऱ्याला विचारलेलं नाही. तो इथेच उभा आहे, विचारते." त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि वळल्या. "अहो, काय सांगू?"

माधवरावांनी टेबलावरचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाले, "सांग, सरळ." आणि फ्रिज उघडून उगीचच आत पाहत राहिले.

ऑपरेशन झालं. कोन मिळाला तो ताईंनी मागितलेला. प्लॅस्टर निघाल्यावर हात काटकुळा आणि पांढरट दिसत होता, मुठीत पेन्सिलही राहत नव्हती. फिजिओने पिळायला स्पंजचा चेंडू दिला. ताईंनी तो शेजारच्या कुत्र्याला दिला आणि रोज कणीक मळायला घेतली. आधी सैल, मग घट्ट, मग पुऱ्यांची. त्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही घरांनी इतक्या पुऱ्या खाल्ल्या की माझ्या नवऱ्याने डायनिंग टेबलावरून जाहीर विनंती केली. वरणभातही जमला. कोपर जरा उंच करून घास यायचा, राजेशाही थाटात. माधवरावांनी तोंड उघडणं बंद केलं.

शरदात शेजारच्या गावच्या क्लबाशी सामना असे. दरवर्षी आमचा क्लब हरे. त्या वर्षी डेरेकने टीममध्ये ताईंचं नाव घातलं तेव्हा काहींनी नाकं मुरडली. ती बाई ऑपरेशनमधून उठलेली, तिला स्कोअर मोजायला बसवा, असं एक जण म्हणालाही. ताईंनी ते ऐकलं. त्याच्या गळ्याकडे एकदा पाहिलं. "आखूड आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. "ह्याच्याशी जपूनच बोलायला हवं."

सामन्याला माधवराव पहिल्यांदाच आले. कानांवर मोठे संरक्षक लावून, ओव्हरकोटची बटणं गळ्यापर्यंत लावून माझ्या शेजारी बसले. शेवटच्या फेरीपर्यंत दोन्ही क्लब बरोबरीत होते. शेवटची फेरी घाईची. लक्ष्याचे पुठ्ठे आपल्याकडे कड करून उभे असतात, एकदम समोर वळतात, थोडे सेकंद थांबतात आणि पुन्हा फिरून जातात. तेवढ्यात सगळ्या गोळ्या झाडायच्या. त्यांच्याकडून त्यांचा कॅप्टन उभा राहिला, सहा फुटी, हातात चकाकती ग्रिपची रायफल. आमच्याकडून ताई. कार्डिगनच्या बाह्या दुमडलेल्या, मनगटावर लांब गुलाबी व्रण.

पुठ्ठे वळले.

ताईंचं कोपर वर गेलं. मी तो हात पाहत होते, पुठ्ठा नाही. तो हात एखाद्या यंत्राच्या दांड्यासारखा एकसंध पुढे जात होता आणि मागे येत होता. मनगट नव्हतंच, होती फक्त कोपरापासून बोटांपर्यंतची एक रेषा. आवाज, टणत्कार, आवाज, टणत्कार. कॅप्टनची लय मध्येच तुटली, त्याने मूठ सावरली. ताईंची शेवटची गोळी गेली. त्यांनी लिव्हर उघडली, रायफल खाली घेतली, आणि पुठ्ठे अजून समोरच होते. मग फिरले. कॅप्टनची शेवटची गोळी नळीतच राहिली होती.

कागद आणले गेले. ताईंच्या कागदावरची भोकं काळ्या वर्तुळात अशी दाटली होती की काही एकमेकांत मिसळली होती. डेरेकने ते पुन्हा पुन्हा मोजलं, मग समोरच्या कॅप्टनला मोजायला दिलं. कॅप्टनने मोजलं, टोपी काढली आणि ताईंपुढे हात केला. ताईंनी तो हातात घेतला. त्याचा हात वर-खाली झाला, ताईंचा कोपरासकट.

"ही रायफल कोणत्या दस्त्याची?" त्याने विचारलं.

"माझ्या," ताई म्हणाल्या.

आणि माझ्या शेजारी, कानांवरचे संरक्षक तसेच असल्यामुळे आपला आवाज किती मोठा निघतोय याची कल्पना नसलेले माधवराव उभे राहून ओरडले, "शाब्बास, निर्मला! शाब्बास!" इंग्लंडातल्या त्या ओलसर कुरणावर इतक्या मोठ्याने मराठी पूर्वी कोणी बोललं नसेल. क्लबातल्या एकालाही शब्द कळला नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर त्या चार शरद खेळल्या आणि त्या असेपर्यंत सामन्याचा कप दुसऱ्या क्लबाकडे गेला नाही. क्लबातले दोन-तीन ग्रिपवाले हळूच सरळकडे आले. ताईंनी त्यांना परत पाठवलं. "माझं मनगट आहे का तुला? नाही ना? मग आपला हात घेऊन जा."

मी त्यांना शेवटची भेटले ती हॉस्पिटलात, त्यांच्याच जुन्या हॉस्पिटलात. फुप्फुसांत पाणी झालं होतं. माधवराव खाली चहा घ्यायला गेले होते, मी दाराशी उभी होते. एक अगदी तरुण नर्स त्यांच्या उजव्या हातावर सुई लावायला आली होती. शीर नीट दिसावी म्हणून ती हात मनगटातून खाली वाकवू पाहत होती. तो वाकेना. तिने हलकेच दाबलं, मग घाबरून सोडला.

"सॉरी, लव्ह, दुखलं का? तुमचा सांधा फार आखडलाय."

ताईंनी ऑक्सिजनचा मास्क दुसऱ्या हाताने जरा बाजूला केला. चेहरा उतरला होता, पण नजर सरळ त्या मुलीच्या गळ्यावर होती.

"आखडलेला नाहीये, बाळ," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तो मी तसा करून घेतलाय."

मग त्यांनी उजवं कोपर गादीवरून उचललं, हात होता तसा सरळ त्या मुलीच्या पुढ्यात धरला, आणि सुई आत जाईपर्यंत तसूभर हलू दिला नाही.